देव्हाऱ्यात चाललेला शंख

मी मालवणच्या किनाऱ्यावरून एक जिवंत विषारी गोगलगाय शंख समजून कोल्हापुरात आणली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

अंगठ्याएवढी, वर तपकिरी जाळीची नक्षी. ओल्या रुमालात गुंडाळून आणली आणि रात्री कुलदैवताच्या टाकाशेजारी ठेवली. सकाळी बघतो तर शंख वीतभर सरकून गणपतीच्या पायाशी. घरात कुणी हात लावला नव्हता. मग काय, अंघोळ न करताच मी गल्लीभर सांगून आलो, आमच्यात शंख चालला. शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन हजर. मी देव्हाऱ्याशेजारी असा उभा, जणू चालायला मीच शिकवलंय.

बायको देव धुवायला बसली. आमच्याकडे देव ताम्हणात घेऊन हातानं चोळून धुतात. तिनं शंखाकडे हात नेला आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या लेकीनं तिचं मनगट धरलं.

"आई, हात लावू नको. त्यात जीव हाय. त्याचा दात भाल्यागत घुसतोय, आणि त्या विषावर उतारा न्हाय."

काकूंनी हळदकुंकू घेऊन काढता पाय घेतला. बायको आपल्या हाताकडे बघत राहिली.

मग गल्लीनं सल्ले सुरू केले. कुणी म्हणे वरवंट्यानं ठेचा, कुणी म्हणे रंकाळ्यात टाका. मी साफ नाही म्हणालो. ती आपल्या पायानं आली नव्हती, मी उचलून आणली होती. गोड्या पाण्यात तडफडून का मरावी? लेक म्हणाली, कुणाला तरी विचारू. मी कुणालाच विचारलं नाही. चिमट्यानं उचलून जेवणाच्या डब्यात घातली, झाकण दोरीनं बांधलं आणि गगनबावड्यावरून जाणारी एस.टी. धरली. शेजारच्या सीटवरच्या पावण्यानं डब्यात काय म्हणून विचारलं. मी औषध सांगितलं. घाटात प्रत्येक वळणाला डबा मांडीवर कलायचा आणि मी दोरीची गाठ चाचपायचो. पण डबा सोडला नाही. मालवणला गुडघाभर पाण्यात जाऊन तिला सोडली.

घरी परतलो तो छाती काढूनच. म्हटलं, विषारी जनावर जाता-येता सांभाळलं, मला ओरखडासुद्धा नाही.

बायकोनं तो डबा माझ्या हातातून घेतला आणि सरळ कचऱ्यात टाकला.

"तुमच्यावर इख वाया घालवायला त्ये काय तुमच्यागत खुळं हाय?"