जेवलीस का, सू-युन?

लुकांग गावात शिलाई मशीन बिघडलं की लोक लो चिन-थूकडे जातात, पण देवाविषयी काही विचारायला कुणी जात नाही. उत्तर ठरलेलं असतं: "माहीत नाही." देव आहे? माहीत नाही. मग नाही? तेही माहीत नाही. मशीन उघडून बघता येतं, बाकीचं कुणी उघडून बघितलंय? हेकटपणालाच प्रामाणिकपणा म्हणायची त्याची जुनी खोड.

आणि हाच माणूस बायकोच्या तिसऱ्या पुण्यतिथीला भर दुपारी, तिच्या फोटोसमोर दोन नाणी उडवत उभा होता. फोटोपुढे मासा, कालवांचं आम्लेट, बांबूचे कोंब आणि वाडगाभर भात मांडलेला. एक छापा, एक काटा पडला म्हणजे सू-युन जेवली, आता घरच्यांनी बसावं. दोन्ही काटे म्हणजे अजून नाही. दोन्ही छापे म्हणजे ती हसतेय.

"जेवलीस का?" त्याने सहाव्यांदा विचारलं. दोन्ही काटे.

"चॉपस्टिक्स ठेवल्यास ना?" शेजारच्या हाय-लिंगने विचारलं. ती देवळात झाडलोट करायची, त्यामुळे यातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी तिची खात्री होती.

"ठेवल्यात."

"माशाचं डोकं तिच्याकडे कर. गेल्या वर्षी भिंतीकडे केलं होतंस, आठवतंय?"

मासा फिरवला. नाणी पडली. दोन्ही छापे.

"हसतेय बघ. तुलाच हसतेय," हाय-लिंग म्हणाली.

कोपऱ्यात त्याचा जुना मित्र ग्वान पोटावर हात ठेवून बसला होता. तो चर्चला जाणारा. पितरांपुढे ठेवलेलं खायचा नाही, म्हणून त्याचं ताट दरवर्षी स्वयंपाकघरात वेगळं झाकलेलं असायचं. त्याला खुशाल जेवता आलं असतं, पण यजमान उभा असताना खायचं कसं?

"चिन-थू, ती इथे आहे की नाही हेच तुला माहीत नाही," तो म्हणाला. "मग जेवली असं समज आणि बस ना बाबा!"

"माहीत नाही म्हणूनच विचारतोय. माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"ऐका! आम्ही दोघं श्रद्धाळू, आणि उपाशी कोण मारतोय? हा!" हाय-लिंगने कपाळावर हात मारला. "अरे, नाणं हळूच उलटं कर. देवळात मोठमोठे लोक करतात."

"तिच्याशी खोटं बोलू?"

हे त्याने फार चिडून म्हटलं. भात केव्हाच गार झाला होता. सू-युन असताना त्याने गार भात कधी खाल्ला नव्हता. दुकानातून कितीही उशिरा आला तरी ती बडबडत उठायची आणि भात वाफवून द्यायची.

"दवाखान्यात तिने विचारलं होतं," तो नाण्यांकडे बघत म्हणाला. "पुन्हा भेटू का रे आपण? मी म्हटलं, माहीत नाही."

"गाढवा," हाय-लिंग हळूच म्हणाली.

"खरं तेच बोललो होतो."

"खरंच होतं रे," ग्वान म्हणाला. "पण अर्धंच बोललास."

चिन-थू नाणी उचलायला वाकला. मग फोटोच्या जवळ गेला. म्हणाला, "सू-युन, मला अजूनही माहीत नाही. पण भेटलीस तर मला फार बरं वाटेल. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. चुकलो मी." आणि नाणी टाकली.

एक छापा पडला. दुसरं घरंगळत भिंतीलगतच्या शिलाई मशीनखाली गेलं. हाय-लिंग आणि ग्वान दोघंही गुडघ्यांवर बसून मशीनखाली वाकले. हाय-लिंगने आत हात घालून नाणं बाहेर काढलं आणि मूठ मिटली.

"काटा होता. जेवली ती. चला, बसा."

"खरं सांगतेस?"

"मला भूक लागलीये."

चिन-थूने ग्वानकडे पाहिलं. हा माणूस उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता.

"माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिलाय," ग्वान कपडे झटकत म्हणाला, आणि आपलं ताट आणायला गेला.

चिन-थूला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले ते त्याने बाहीने पुसले. हाय-लिंग भात गरम करायला उठली तर त्याने तिला थांबवलं, सू-युनपुढचा वाडगा घेतला आणि तसाच खायला बसला.

"गार भात खातोय," तो फोटोला म्हणाला. "रागवायचं असेल तर ये."