पुरावाकाकूंची नीळ

पुरावाकाकू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. भाजीवाला ‘गावठी मेथी’ म्हणाला, की जुडी सोडून मुळं बघायच्या. “दाखय, मगे बोल,” हे त्यांचं मालवणी उत्तर मुलुंडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं. नाव आम्हीच ठेवलेलं, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

त्या बरोब्बर आमच्या डोक्यावर राहायच्या. त्यामुळे बाथरूमच्या छताला ओल आली तेव्हा माझा संशय सरळ वर गेला. बशीएवढा डाग परातीएवढा झाला. एका सकाळी आई आंघोळीला बसणार, एवढ्यात प्लास्टरचा मोठा ढलपा बादलीत पडला. आई बादली तशीच टाकून बाहेर आली आणि माझं डोकंच फिरलं. तडक वर गेले. “काकू, तुमचं बाथरूम गळतंय. उद्या आईच्या डोक्यात पडलं म्हणजे?”

“माझाच पाणी कशावरून? पाइप फुटलो असात.”

मीही ऐकणारी नव्हे. आवाज चढले. तेवढ्यात आतून काका काहीतरी पुटपुटले. अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले होते. काकू एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, “लादी फोडली तर ह्यांका आंघोळ खंय घालू? गरम पाणी अंगावर पडल्याशिवाय चाय पण घेत नाय ते.”

तोडगा त्यांनीच काढला. कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात कालवून बाथरूममध्ये ओतली, जाळीवर फडकं दाबून पाणी तुंबवलं आणि खाली येऊन आमच्या छताकडे बघत स्टुलावर बसल्या. “निळा इला तर माझा. नाय इला तर परत वर येऊन बोंबलायचा नाय.”

दुपारभर दोघी त्या डागावर नजर लावून बसलो. दिलेला चहा निवून गेला. निळं येऊ दे, असं मी मनात म्हणायचे, आणि लगेच वाटायचं, नको रे बाबा, आलं तर त्या माणसाचं काय करायचं? ऊन उतरलं तेव्हा डागाच्या मधोमध एक थेंब जमला. निळाच. काकूंनी तो बोटावर घेतला, गाऊनला पुसला आणि “माझाच,” म्हणाल्या. एवढ्या सरळपणे कोणी कबूल होईल असं मला वाटलं नव्हतं.

“फोडा लादी,” मी म्हटलं. “संध्याकाळी मिस्त्रीची ठोकाठोक थांबली की काकांना आंघोळीला इथे आणा.” सुटं प्लास्टर आम्ही आधीच पाडून घेतलं. मग रोज संध्याकाळी व्हीलचेअरवरून काका खाली यायचे. काकू कोपर बुडवून पाणी बघायच्या, आई दाराबाहेरून विचारायची, “भाऊ, गरम पुरेसं आहे ना?” काका अर्ध्या तोंडाने हसायचे. मला ते फार आवडायला लागले होते.

नवी लादी बसली. आता वापरा, असं मिस्त्री सांगून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. नव्या लादीवर पहिलं पाणी पडलं ते त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं. पुरुषमंडळी आत पाणी घालत होती आणि काकू दाराशी कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. “खाली जा गे. आईच्या डोक्यावर गळता काय, बघून ये.”

मी खाली जाऊन छताखाली उभी राहिले. छत कोरडं ठणठणीत होतं. ते वर जाऊन त्यांना सांगायला मात्र माझं पाऊल उचलेना.