जावयाचं नाव तक्रारीत

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, तीही वकिलीची. म्हणून नात्यातला कुठलाही कागद अमरावतीला माझ्याकडे येतो, आणि "मले नाही समजत" असं मी कधी म्हणत नाही. अकोल्याच्या मावशीच्या धाकट्या मुलीचे आखातातल्या नोकरीचे कागदही असेच आले. नोकरी दवाखान्यात नर्सची, व्हिसा मात्र पर्यटकाचा. मी तो पाहिला आणि गप्प बसले. नोकरी लावून देणारा मावशीचा थोरला जावई. जावयावर शंका कोण घेणार?

दोन महिन्यांनी तिचा दबका आवाज फोनवर आला.

"ताई, दवाखाना गिवाखाना काही नाही. घरकाम आहे. पासपोर्ट काढून घेतला, गेटले कुलूप. परवा मले दुसऱ्या घरी देऊन राहिले. त्याच्या आत काढ."

दुसऱ्या घरी गेली की माग संपला. मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला पोचले. मावशीनं अर्ज लिहून ठेवला होता: 'अनोळखी एजंटाने फसवून नेले.'

"मावशी, हा अनोळखी आहे?"

"जावई हाये तो. नाव टाकलं तं तो थोरलीले घरी धाडून देईन. एकीसाठी दुसरीचं घर मोडू का मी?"

"मंग पोलीस कोणाले विचारतीन? पोरगी कोणत्या घरात आहे, हे त्यालेच माहीत आहे."

"लय शिकली ना तू! मंग जायच्या आधी काहून नाही बोलली?"

थोरली गाडीनं दोन तासांवर, चांदूर रेल्वेला असते. मावशी चप्पल घालेपर्यंत मी तिला फोन करून सगळं सांगून टाकलं.

ठाण्यात दुपारी आमची पाळी आल्यावर साहेबांनी नोकरीच्या करारावरची धाकटीची सही पाहिली. "मुलगी सज्ञान आहे, स्वखुशीनं गेली. यात माणसांची तस्करी कुठून आली?"

"फसवून नेलं, साहेब, आणि आता गुलामासारखं राबवतात. न्याय संहितेचं कलम १४३ बघा. तिची संमती होती की नव्हती, त्याला इथं किंमत नाही."

त्यांनी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. "बरं. पण अनोळखी म्हणजे मी कोणाच्या दारावर जाऊ?"

मावशीनं अर्ज स्वतःकडे ओढला. मी नाव घेणार, तेवढ्यात थोरली दारात उभी. घामानं भिजलेली, हातात नुसता मोबाईल.

"तू काहून आली?" मावशी ओरडलीच.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लिहा साहेब."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात. एरवी 'पोराचे बाबा'. तिनं नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, सगळं एका दमात सांगितलं. मग मोबाईल पुढे केला. "त्या घराचा पत्ता त्याच्या फोनमधी होता. त्याची आंघोळ चालू होती, तवा फोटो काढला."

"आता राहशीन कुठं?" मावशीनं विचारलं.

"तुह्या घरी. नाही ठेवत का?"

मावशीनं पेन मागितलं. 'अनोळखी' शब्दावर तिनं इतक्या जोरानं रेघ मारली की कागद फाटला. शिपायानं नवा दिला, त्यावर तिनं जावयाचं नाव लिहिलं.

साहेब दूतावासाला पत्ता कळवायला बसले. आम्ही तिघी टेबलावर वाकून पत्त्याचं एकेक अक्षर तपासत होतो.