तपासणीपुरत्या गाद्या

आमचे साहेब स्वतःला समाजसेवक म्हणवून घ्यायचे. इथे आखातात, मिरकाबच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागे शाल पांघरलेले फोटोच फोटो. मी त्यांचे फोन, कागदपत्रं आणि मोठेपणा सांभाळायची.

त्या वर्षी व्हिएतनामी बायकांचं काम आलं. घरकामासाठी आलेल्या, कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, घरात मार खाऊन, उपाशी राहून पळालेल्या, आणि आता मायदेशी जाणाऱ्या विमानाची वाट बघत अडकलेल्या. त्यांच्या तातडीच्या निवासासाठी सरकारी पैसा मंजूर झाला, आणि कंत्राट साहेबांनी पटकावलं. फिंतासमधल्या जुन्या इमारतीचे दोन मजले घेतले. मंजूर पैशांत गादी, उशी, पांघरूण सगळं धरलेलं होतं. बायकांना मिळाल्या प्लॅस्टिकच्या चटया. रात्रभर एसी चालला की फरशी गारठून जायची.

मी साहेबांच्या कानावर घातलं.

"अहो मॅडम, त्या लोकांना खालीच झोपायची सवय असते," ते म्हणाले. व्हिएतनाम कुठे आहे विचारलं असतं, तर या माणसाचं बोट नकाशावर चीनभर फिरलं असतं.

मग तपासणीचा निरोप आला. आदल्या दिवशी साहेबांनी फहाहीलच्या एका दुकानातून कोऱ्या गाद्या मागवल्या. दुकानदाराशी बोली अशी की, प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं नाही तर तपासणीनंतर माल परत.

"कोणाला वर बसू देऊ नका," मला हुकूम.

त्या बायकांत एक चाळिशीची होती, गालावर भाजल्याचा डाग. तिला मोडकंतोडकं अरबी यायचं. संध्याकाळी तिनं विचारलं, बसायचं का नाही? मी खरं ते सांगितलं. प्लॅस्टिक फाटलं नाही तर उद्या परत जाणार. ती गाद्यांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. साहेब अत्तर लावून पुढे. गाद्यांवरून हात फिरवत "आपल्याच बहिणी आहेत हो या" वगैरे चाललेलं. तेवढ्यात ती डागवाली पुढे आली.

"हाज़ा हग्ना?" हे आमचं का?

"तुमचंच," अधिकारी बाई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "हो ना?"

"अर्थात!" साहेबांनी छातीवर हात ठेवला.

ती मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी ओरडली. पुढच्या क्षणी खोल्याखोल्यांतून टराटरा प्लॅस्टिक फाटायला लागलं. कुणी नखांनी, कुणी दातांनी. फाडलं आणि सगळ्या आडव्या झाल्या.

"बघा, किती खूश झाल्या!" अधिकारी बाई हसल्या. साहेबही हसले. ते हसू मी पोट भरेस्तोवर बघून घेतलं.

दुकानदारानं अर्थातच माल परत घेतला नाही. बायका विमान मिळेपर्यंत गादीवर झोपल्या, आणि एकेक करून घरी गेल्या.

पुढे मराठी मंडळींच्या एका जेवणात साहेब माइकवर सांगत होते, त्या अभागी बायकांचे हाल बघवेनात, म्हणून खिशातून गाद्या घेतल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल आलीच.

सोमवारी मी राजीनामा दिला.

"का हो मॅडम? काय झालं?"

"तुमच्याकडे आता बसवत नाही."

"एवढंच ना? नवी खुर्ची मागवतो की," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले.