कोणी वाचायचं, तू सांग

नाना गेल्याचा फोन धुळ्याहून आला तेव्हा मी वर्गावर होते. त्यांचा मुलगा अविनाश एवढंच म्हणाला, "ताई, नाना गेले. पहाटे... झोपेतच." मी फोन ठेवला आणि अर्ध्यावर राहिलेला धडा पुरा शिकवला. अर्धवट काम नानांना खपत नसे. रडायला घरी गेल्यावर सुचलं.

नाना धुळ्याचे, गणिताचे निवृत्त मास्तर. साठी उलटल्यावर जळगावला आमच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये आले, माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली शिकले आणि वर्षभरात मलाच शिकवायला लागले. एरवी मला 'मॅडम' म्हणायचे, चिडले की 'बाई'. त्यांच्याच हौसेने आमच्याकडे वधू-वर सूचक केंद्र सुरू झालं. कोपऱ्यात लिनक्सचं मशीन, तोच वेब सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना माहिती पुरवणारा. त्याला वायरने जोडलेले चार कॉम्प्युटर. बाहेरच्या इंटरनेटशी काही संबंध नाही. दर रविवारी गावोगावचे लोक येऊन पडद्यावर स्थळं बघायचे आणि त्यांना त्याचं भारी अप्रूप. त्याच मशीनवर पुनर्विवाहाचीही एक यादी होती. त्यातल्या काही बायकांनी घरच्यांना न सांगता नाव दिलेलं. त्या यादीचं फोल्डर पडद्यावर दिसायचं, पण उघडायला गेलं की नकार यायचा. वाचायची परवानगी फक्त नानांच्या खात्याला होती.

एका रविवारी गर्दी जमली आणि नवे फोटोच दिसेनात. ते मी फ्लॉपीवरून रूटच्या, म्हणजे मुख्य खात्यातून चढवले होते. मालकी रूटची झाली आणि सर्व्हरला ते वाचता येईनात. दोन फोल्डरांची मालकी बदलली असती तर भागलं असतं. पण नाना चहाला गेलेले, लोक हसत होते, आणि माझं डोकं मुळातच तापट. मी एका कमांडमध्ये सगळ्याच फोल्डरांना सातशे सत्त्याहत्तरची परवानगी देऊन टाकली, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही बदला. फोटो दिसले. मी खूश! मग तिसऱ्या कॉम्प्युटरवरून एक आवाज आला, "अरे, हाई ते आमना गावनी सून शे."

ती सुमन, पुनर्विवाहाच्या यादीतली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरी मुलगा, राहायला सासरीच, धुळ्याजवळच्या गावात. पत्ता बहिणीचा दिला होता.

नाना आले. आधी ते फोल्डर बंद केलं, मग एकेक फाइल घेऊन बसले. ही कोणाची, सर्व्हरने ही वाचायची का, असं पुटपुटत तासाभरात सगळ्यांच्या मालक्या जागेवर आणल्या. शेवटी पिशवी उचलत म्हणाले, "चला बाई, धुळ्याची गाडी धरू. तिला हे आपल्याकडून कळायला पाहिजे."

पण आमच्याआधी बातमी पोचली होती. सासरा ओट्यावर बसलेला. नानांनी त्याला नाही, दारात उभ्या सुमनला हात जोडले. "बेटा, तू आमच्या भरवशावर नाव दिलंस. आम्ही ते उघडं केलं." मी म्हटलं, "यांनी नाही, मी केलं." सासऱ्याने तिला विचारलं, "खरं शे का?" ती म्हणाली, "खरं शे. नाव मीच दिधं." तो उठून घरात गेला. मग ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "नाव काढी टाका."

परत येऊन नानांनी तिची फाइल पुसली. पुढे तिचं काय झालं, आम्हाला कळलं नाही... विचारायला तोंडच राहिलं नाही, असं नाना म्हणायचे. मला आजही त्या दिवसाची लाज वाटते. त्यानंतर मात्र कुठलीही मुलगी नाव द्यायला आली की नाना आईबापांना बाहेर बसवायचे आणि तिलाच विचारायचे, "हे कोणी कोणी वाचायचं, तू सांग." काही बाप भडकायचे. नाना शांतपणे त्यांना पाणी द्यायचे.

तेराव्यानंतर अविनाश जळगावला आला. नानांच्या खात्यात एक फाइल निघाली, फक्त त्यांनाच वाचता येणारी. तो म्हणाला, "रूटचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना, ताई? बघा तरी काय आहे." रूटला कुठलीच फाइल बंद नसते. मी त्याच्या नावाचं खातं काढलं, फाइलची मालकी त्याच्या नावावर केली आणि न उघडता खुर्चीवरून उठले. "तुम्ही वाचा," म्हटलं, आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने तो दारात आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, "तुमचंही नाव आहे त्यात, ताई. वाचता?"

फाइल आता त्याची होती. त्याने विचारलं, म्हणून मी आत गेले.