नाव न सांगितलेला पक्षी

साहेबांनी मला फसवलं, मी त्यांना नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण आमच्या भवानीपुरातली मराठी मंडळी अजून उलटंच समजून बसली आहेत.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. कस्टम्समधले अधिकारी, बदली होऊन कलकत्त्याला आलेले. त्यांची एक खोड होती. चालता चालता मध्येच थांबायचे आणि हातातली छत्री रेल्वेच्या फाटकासारखी माझ्या पोटावर आडवी धरायचे. म्हणायचे, "घाई कुठंय शेठ? बघा अजून."

आमच्यात सौदा ठरला होता. मी खिदिरपूरच्या बंदरात जहाजांना दोर आणि ताडपत्र्या पुरवतो. एक पत्र्याची पेटी घेऊन या शहरात आलो आणि ओरडून ओरडून धंदा उभा केला. त्या ओरडण्यानंच रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी हुकूम सोडला, रविवारी दुकानाकडे फिरकायचं नाही. इकडे साहेबांच्या गळ्यात मासळीबाजारात कोणीही शिळं इलिश बांधायचा. म्हणून ठरलं की बाजारात त्यांच्या वतीनं मी भांडायचं, आणि रविवारी बजबज गावाकडे जाणाऱ्या लोकल गाडीनं शहराबाहेर नेऊन त्यांनी मला रानातली झाडं-पाखरं ओळखायला शिकवायचं.

मला वाटलं, ते बोट दाखवतील, नाव सांगतील, की मी पुढच्या पाखराकडे वळेन. यांची तऱ्हाच निराळी. नाव विचारलं की उलट प्रश्न. चोच कशी आहे? शेपटी हलवतो का? पाण्यात उतरतो की काठावरच उभा? हे सगळं माझ्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय नाव मिळत नसे. दुकानात मी असा वागलो असतो तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत गेलं असतं.

पहिल्याच रविवारी तळ्याकाठी एक मातकट पक्षी मान आखडून बसला होता. मी नीट पाहून वर्णन केलं, "मातीच्या रंगाचा, आमच्या मुनीमजींसारखा पोक काढून बसलेला." तेवढ्यात तो उडाला आणि पांढराशुभ्र झाला.

"माल बदलला!" मी ओरडलो.

"तोच आहे शेठ. ढोकरी म्हणतात. पंख मिटले की माती, उघडले की दूध."

"वर एक आणि आत एक? हा काय व्यवहार झाला?"

ते इतके हसले की छत्रीवर टेकून उभं राहावं लागलं.

झाडांनीही माझी अब्रू राखली नाही. मी कोकणात टाकळ्याची भाजी खाऊन वाढलेला माणूस. रुळांशेजारी कमरेएवढा वाढून पिवळा फुललेला टाकळा पाहिला आणि ऐटीत विचारलं, "हे कुठलं बंगाली झुडूप?" त्यांनी एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. त्या वासासरशी माझी ऐट उतरली. ताटातली ओळख रानात उपयोगी पडत नाही, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल.

एकदा आम्ही वेताच्या झुडपाआड दबा धरून बसलो होतो. एका शेतकऱ्याला वाटलं, बाबूलोक जमीन बघायला आलेत. त्यानं भाव सांगितला. मला जमीन नको होती. पण भाव ऐकल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. मी घासाघीस सुरू केली, आवाज चढला, तोही चढला. शेवटी त्यानं हात टेकले तेव्हा मी विजयानं मागे वळून पाहिलं. तळ्यावर एकही पाखरू उरलं नव्हतं.

"जमला का सौदा?" साहेब म्हणाले. "आता हे रिकामं तळं घेऊन टाका."

खरं भांडण एका चिमुकल्या पाखरामुळे झालं. हिवाळ्यात त्या तळ्याच्या वेतांत ते यायचं. रंग फिका तपकिरी, अंगावर ठळक खूण म्हणून नाही. दिसायचं कमी, ऐकू जास्त यायचं. दोन दगड आपटावेत तसं चक्, चक्. नाव विचारलं की छत्री आडवी. "बघा अजून." मी भुवई पाहिली, पाय पाहिले, वेतावर कसं चढतं ते पाहिलं. हिवाळे गेले. एका रविवारी मी भडकलो. म्हटलं, "तुम्ही साठेबाज आहात!" ते नुसते हसले. "ओळख पटली की सांगेन."

आणि मग पावसाळ्यात साहेबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. न सांगताच.

साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कायमच्या नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. कोपऱ्यात छत्री उभी होती. मला राहवलं नाही. "वहिनी, त्या पाखराचं नाव कधी बोलले होते का हो?"

"भाऊजी, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!" त्या म्हणाल्या. "मला म्हणायचे, नाव ठाऊक नाही म्हटलं तर शेठ सौदा मोडतील, आणि कुठलं तरी नाव सांगितलं तर सौदा संपला म्हणून यायचे थांबतील. मग मी रविवारी कोणाबरोबर जाऊ?"

"म्हणजे दुकानात माल नव्हताच!" मी त्या सुतकी घरात गरजलो. वहिनी हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि छत्री माझ्या हातात दिली.

आता थंडी पडली आहे. मी एकटाच बजबजच्या गाडीनं जातो. ते पाखरू परत आलंय. त्याची भुवई, पाय, वेतावर सरकत चढण्याची ढब, सगळं मला पाठ आहे. आवाजावरून ते कुठल्या वेतावर आहे तेही सांगेन. माझ्या बाजूनं सौदा पुरा झाला.

पण साहेब, इतकं बघितलं, ते सांगायचं कोणाला? बोला. मला उत्तर हवंय, आणि या वेळी छत्री माझ्या हातात आहे.