भिंगरी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मेथीच्या जुड्या बांधल्या. इंदापूरच्या बाजारासाठी. मी बांधलेली जुडी तिनं उचलून बघितली, सोडली आणि पुन्हा बांधली. "अवं, ही वाटंतच फिस्कटंल," म्हणाली. मग उठून गुरांना पाणी दाखवलं, परत बसली, परत उठली. तिला सलग बसलेली मी कधी बघितली नाही. अख्खं अंथुर्णे तिला भिंगरी म्हणायचं, पुढंपुढं मीही म्हणायला लागलो. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

त्याला आता आयुष्य झालं. दुसरी केली नाही. मी दोन बुकं शिकलेला माणूस, बायकोवर काय लिहायचं कळत नाही. चिमीच्या हाताचं तेवढं लिहितो, त्यात ती सगळी येते.

चिमी आमची एकुलती पोर. रांगती असताना चुलीत हात गेला. जखम भरली, पण बोटं तळहाताला चिकटून बसली. चार वर्षांची झाली तरी उजवी मूठ उघडेना. लोक म्हणायचे, नशीब. भिंगरी म्हणायची, "नशीब म्हनं. भाकरी काय नशिबानं थापनार हाय व्हय ती?" बाजारातल्या बागवान चाचांनी तिला सांगितलं, की बारामतीला मिशनच्या बंगल्यात गोरा डॉक्टर येतो, तो कापून बोटं मोकळी करतो. तिनं मला विचारलं नाही. गाडी जुंपा म्हणाली.

बंगल्यात पाद्रीसाहेब, मडमबाई आणि त्यांची एक मुलगी. मडमबाईंचं मराठी पुस्तकातलं. त्यांनी आदल्या दिवशी बजावलं, "सकाळी मुलीला अन्न देऊ नका." गुंगीच्या औषधाला पोट रिकामं लागतं. भिंगरीनं मान डोलवली. सकाळी जेवायचं टेबल धुऊन काढलं, डॉक्टर हात धुऊन आला, आणि मडमबाईंनी विचारलं, "आपण हिला काही खायला दिले काय?"

"न्हाय बाई. नुसतं दही-साखर घातलं हातावर. एवढ्या मोठ्या कामाला पोरीला तशीच कशी धाडू?"

डॉक्टरानं सामान पेटीत भरलं. तो परत यायचा तो पंधरवड्यानं. मला वाटलं, मडमबाई आता हाकलतात. त्या म्हणाल्या, "तोवर तुम्ही दोघी येथेच राहा. तुमच्यावर माझी नजर पाहिजे."

भिंगरी राहिली, पण त्यांच्या घरचं पाणी घेईना. आवारातल्या लिंबाखाली तीन दगड मांडून स्वतःचं शिजवायची. मडमबाईंनी त्याचा राग धरला नाही. उलट सरपण आणून ठेवायच्या. चिमीला मात्र सोवळं-ओवळं कुठलं? ती त्यांच्या मुलीच्या खाटेवर झोपायची आणि पाद्रीसाहेबांच्या खांद्यावर बसून कालवा बघायला जायची.

त्याच दिवसांत चळवळीनं बारामती तापली. दुकानं बंद, चौकात विलायती कापडाच्या होळ्या, पोलिसांच्या लाठ्या. आमच्या भावकीतले थोरले आबा मला म्हणाले, "लोक तुरुंगात चाललेत आन् तुझी बायकू गोऱ्याच्या दारात. पोरगी बाटवत्याल. घिऊन ये, न्हायतर तुझ्या घरचं पानी बंद." मला चैन पडेना. गाडी घेऊन गेलो. ती चुलीपुढं होती.

"पानी बंद करा म्हनावं," ती म्हणाली. "मूठ सुटल्याबिगर मी हितनं हालत न्हाय. तुमी भाकरी खाऊन जावा."

मी भाकरी खाल्ली आणि गेलो नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा होता.

तो आला आणि तासाभरात फाटकावर जमाव आला. आत टेबलावर चिमी निजलेली, मडमबाई तिच्या नाकावर औषधाचा फडका धरून. मी दाराशी. बाहेर आरोळ्या चालल्या होत्या. एक दगड येऊन खिडकीची काच फुटली. पाद्रीसाहेब फाटकाकडं निघाले, पण भिंगरी त्यांच्या आधी पोचली.

"आत पोरीच्या हातावर सुरी चालू हाय. डागदराचा हात हालला तर बोट जाईल तिचं. वरडायचं तर चौकात जाऊन वरडा."

आमच्याच गावचा एक गडी पुढं होता. "वैनी, तू बी त्यांच्यातलीच झालीस व्हय?"

"पोरगी सुदीवर येऊ दे. मग तुझ्यासंगं वरडायला मी बी येते."

कुणीतरी हसलं. जमाव हळूहळू चौकाकडं वळला. आणि चार-सहा दिवसांनी ती खरंच गेली. सकाळच्या फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, ठेवणीतली विलायती चोळी होळीत टाकली, आणि पट्टी बदलायच्या वेळेला बंगल्यात हजर. मडमबाईंनी विचारलं, "ओरडून झाले काय?"

"झालं."

मग दोघींनी मिळून चिमीची पट्टी सोडली.

बोटं सुटली होती. पण मडमबाईंनी सांगितलं, वाढत्या अंगाचा हात आहे, रोज सकाळी कोमट तेल लावून एकेक बोट मागे ताणा, नाहीतर पुन्हा मिटेल. या खेपेला भिंगरीनं शब्दही मोडला नाही. घरी आल्यावर रोज चिमी किंचाळायची, शेजारणी म्हणायच्या, आई हाय का कसाबीण. ती थांबायची नाही. मला बघवायचं नाही. "तुमी रानात जावा," ती म्हणायची, आणि मी जायचो. भावकीचा राग हळूहळू निवला. मूठ उघडी राहिली. अशी काही वर्षं गेली.

मग तो ताप. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मडमबाई बारामतीहून आल्या, तोवर तिला नेऊन आम्ही परत आलो होतो. त्या अंगणात उभ्या राहिल्या. चिमीला जवळ घेतलं, तिचा हात उलटा केला, एकेक बोट मागे वाकवून बघितलं.

"तीन दिवस हे राहिले आहे," त्या म्हणाल्या. बोलल्या चिमीशी, बघत होत्या माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेलो नाही. तेल कोमट केलं, चिमीला पुढ्यात बसवलं आणि तिची करंगळी धरली.

"तसं न्हाय, तात्या," चिमी म्हणाली. "आय अंगठ्यापास्नं धरायची."

मी करंगळी सोडली आणि अंगठा धरला.